अंगावर काढलेली दुखणी

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीची आठवण ज्याच्या त्याच्या अंगात मुरलेली असते. अजून उजाडलेले नसते. बाहेर गारठा असतो. आई पाटावर बसवून डोक्यावर तेल घालते आणि पाठीला उटणे चोळता चोळता सहज विचारते, "इथे दुखतंय का रे?" वर्षातून निदान एकदा तरी आपल्या पाठीची कोणीतरी अशी विचारपूस करते. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा ती आंघोळ झालेली असेल आणि शेजारी चकलीची बशी असेल. अशा वेळी जरा जड विषय काढते आहे, त्याचा वाचकांनी राग मानू नये. ज्यांच्या पाठीला असे कोणी कधी विचारले नाही अशा काही बायांनी आपल्या मराठीत पुस्तके लिहून ठेवली आहेत. त्या पुस्तकांविषयी, आणि आपण ती कशी वाचली याविषयी, मला बोलावयाचे आहे.

प्रारंभी माझीच एक चूक सांगते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. लोणार तालुक्यातल्या बीबीला राहते, लहान मुलांना शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझ्या एका कादंबरीत भागू नावाची मजूर बाई आहे. गावाबाहेरच्या वस्तीतली. सोयाबीनच्या सोंगणीत तिला कळा येतात, बांधावर ती बाळंत होते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा विळा हाती धरते. या प्रसंगाची लोकांनी तारीफ केली, आणि खरे सांगावयाचे तर मलाही तो लिहिताना अभिमान वाटला होता. 'काटक' हा शब्द मी भागूसाठी किती वेळा वापरला होता, हे मी पुढे मोजले. अकरा वेळा!

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने ती कादंबरी वाचावयास नेली होती. वाचनाचा नाद असलेली बाई. वयाने माझ्याहून मोठी. आठ दिवसांनी पुस्तक परत करताना म्हणाली, "बाई, तुमची भागू चांगली हाये. पन तिचं कदी काही दुखतच कसं नाही?"

मी म्हटले, "अहो मावशी, ती काटक आहे ना."

ती हसली. म्हणाली, "काटक तुम्ही म्हनता. आमी नाही म्हनत. आमी म्हनतो, अंगावर काढलं."

एवढे बोलून ती निघून गेली. मी मात्र त्या दोन शब्दांपाशी थांबले. काटक म्हणजे जिला दुखत नाही ती. अंगावर काढले म्हणजे दुखले, पण कोणाला सांगितले नाही. सांगून उपयोग नव्हता म्हणून सांगितले नाही. पहिला शब्द बघणाऱ्याचा आहे, दुसरा सोसणाऱ्याचा. माझी सगळी कादंबरी पहिल्या शब्दावर उभी होती. त्या दिवसापासून मी दलित स्त्रियांची आत्मकथने पुन्हा वाचावयास घेतली आणि मला ती निराळीच पुस्तके वाटू लागली.

आरंभ करावयाचा तो मुक्ता साळवेपासून. मांग समाजातली ही मुलगी जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकली. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. निबंध लिहिला तेव्हा ती चौदा वर्षांची, असे सांगतात. धर्माविषयी तिने विचारलेले धारदार प्रश्न आपण सभांतून ऐकतो. परंतु त्याच निबंधात ती बाळंतिणींविषयी बोलते, तिकडे आपले लक्ष जात नाही. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते, थंडीवाऱ्यात आणि पावसात त्यांचे काय होत असेल याचा आपल्या घरच्या अनुभवावरून विचार करा, असे ती वाचणाऱ्यांना बजावते. आणि पुढे विचारते की, बाळंतरोग झालाच तर वैद्याला आणि औषधाला पैसा कुठून आणावयाचा? तुमच्यात फुकट औषध देणारा वैद्य कोण होऊन गेला? जातीमुळे प्रकृतीचे काय होते, हा प्रश्न मराठी गद्यात इतक्या थेट शब्दांत एका शाळकरी मुलीने मांडला, याचे मला आज नवल वाटते. आमच्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे झणझणीत पुस्तक लिहिले ते १८८२ साली, म्हणजे आणखी सत्तावीस वर्षांनी. ताराबाईंचा मला जिल्ह्याची म्हणून अभिमान आहे. परंतु त्यांची नजर मुख्यतः भिंती असलेल्या घरांत फिरली. भिंतीच नसलेल्या घरातली बाळंतीण मुक्तेने दाखविली.

मुक्तेने विचारलेल्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर यावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने. बेबीताई फलटणच्या. छोट्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून, घरच्यांपासून लपवून त्यांनी हे लिहिले आणि कित्येक वर्षे तसेच दडवून ठेवले. या पुस्तकातले बाळंतपणाचे वर्णन आपल्या घरांतल्या कोणीही एकदा वाचावे. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, सव्वा महिना अंथरूण. महारवाड्यातल्या त्या कोवळ्या पोरीला बाळंत झाल्यावर भूक लागते आणि घरात काही नसते. मग ती पोट कापडाने आवळून निजते. अडलेल्या बाईला सोडविण्यासाठी अडाणी हात काय काय करतात आणि मग जखमा चिघळून ती कशी जाते, हेही त्यात आहे. दुष्काळात निवडुंगाची बोंडे खाऊन पोरांची पोटे कशी बांधली जात, ते आहे. सासरहून पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात अडकविलेला लाकडी खोडा आहे.

या पुस्तकावर आपण बोलतो तेव्हा 'दाहक', 'विदारक' ही विशेषणे वापरतो आणि पुढच्या पुस्तकाकडे वळतो. माझे म्हणणे असे की, ही विशेषणे आपल्याला वाचवितात. दाह आपल्याला झाला, एवढेच ती सांगतात. त्या पोरीला नेमके काय झाले, ते सांगत नाहीत. बेबीताईंनी मात्र ते नेमके सांगितले आहे: किती वर्षांची होती, काय खाल्ले, काय मिळाले नाही, कुठे जखम झाली, केव्हा गेली. एखाद्या चांगल्या डॉक्टरने लिहून ठेवावी तशी ही नोंद आहे. अपमान हा येथे उपमेचा विषय नाही. तो पोटात जातो, रक्तात उतरतो, गर्भाशयात जखम होऊन राहतो.

एका गोष्टीत मात्र मी बेबीताईंशी थोडी वाद घालते. आषाढात बायांच्या अंगात येते, देवी येते, त्याचे त्यांनी मोठे जिवंत वर्णन केले आहे आणि ते अज्ञान म्हणून सोडून दिले आहे. आंबेडकरी चळवळीत घडलेल्या बाईने तसे म्हणावे हे योग्यच. पण वाचताना मला वाटून गेले की, वर्षभर जिला कोणी विचारीत नाही तिला त्या चार दिवसांत लोक हात जोडून विचारतात, "आई, काय पाहिजे?" जिचे शरीर बोललेले कोणी ऐकत नाही, ते शरीर मग देवीच्या तोंडून बोलत असेल काय? हा माझा तर्क आहे. तो खोटा ठरला तरी प्रश्न उरतो.

आणि एक मोठी गोष्ट. पुस्तकाचे नाव 'जिणं आमुचं' आहे, 'माझं' नव्हे. साऱ्या वस्तीची दुखणी यात आहेत. पण लेखिकेचे स्वतःचे शरीर त्यात फारसे नाही. नवऱ्याचा संशय आणि मार यांविषयी त्या पुढे, या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादिका माया पंडित यांच्याशी झालेल्या मुलाखतीत, मोकळेपणाने बोलल्या. पुस्तकात ते आले नाही. चळवळीच्या इभ्रतीसाठी म्हणा, घरासाठी म्हणा, इतरांची इतकी दुखणी लिहिणाऱ्या बाईने आपले दुखणे अंगावरच काढले. हा पुस्तकातला दोष आहे असे मी म्हणणार नाही. ती त्या पुस्तकाने न सांगता दिलेली साक्ष आहे.

शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' हेही १९८६ चेच पुस्तक. सोलापूर जिल्ह्यातल्या महूदच्या शांताबाई माझ्यासारख्याच शिक्षिका. त्यांच्या पुस्तकातली नाजुका उपाशी शाळेत जाते, शिकते, मास्तरीण होते, नवऱ्याने दुसरी बायको केल्यावर घर सोडते. वाक्ये लहान, सरळ, कोठे आवाज चढविलेला नाही. या शैलीला काहींनी 'कलाहीन' म्हटले तर मला नवल वाटणार नाही. मीही पहिल्या वाचनात तसेच म्हटले होते. आता वाटते, उपाशी मुलीला वर्णन करण्याइतका दम नसतो. ती काय झाले तेवढे सांगते. ती शैली भुकेतूनच आलेली आहे.

कुमुद पावडे नागपूरच्या. 'अंतःस्फोट' १९८१ चा. संस्कृतात एम.ए. झालेली ही दलित मुलगी प्राध्यापकीसाठी मुलाखती देत हिंडते. परीक्षकांचे हसू सोसते. पुढे आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलते आणि नोकरी मिळते. ती नोकरी आपल्या विद्येला मिळाली की नव्या आडनावाला, हा सल त्यांना पुरून उरतो. येथे भूक नाही, खोडा नाही. तरी नावापासूनच हे पुस्तक आत कोंडलेल्या दाबाविषयी बोलते. उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ चे. रत्नागिरीच्या बाजाराला डोक्यावर ओझी घेऊन डोंगरवाटा तुडविणाऱ्या बाया त्यात आहेत, आणि बांबूची आयदाने विणत बसलेली विधवा आई आहे. शाळेत शेण काढावयास लावणारे आणि हात उगारणारे गुरुजीही त्यात आहेत, आणि त्यांना वाटेत अडवून जाब विचारणारी तीच आई आहे. मी शिक्षिका असल्याने ते पान मला सहज उलटता येत नाही. या चारी लेखिकांत स्वतःच्या शरीराविषयी सर्वांत मोकळेपणाने उर्मिलाताई लिहितात. आणि त्याबद्दल त्यांना घरूनही, बाहेरूनही ऐकून घ्यावे लागले.

येथे पुरुषांच्या आत्मकथनांची आठवण होते. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) पासून ही मोठी परंपरा सुरू झाली. या पुस्तकांत आई येते ती बहुधा राबणारी, सोसणारी, पोरासाठी पदराआड भाकर राखणारी. मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेली आई तशीच दिसणार. त्यात कृतज्ञता आहे आणि ती खरी आहे. परंतु त्या आईचे डोके कधी दुखले, दिवस गेल्यावर तिला काय वाटले, रात्री छातीत का धडधडले, हे मुलाला दिसत नाही. ते लेकींनी लिहिले तेव्हा कळले. माझी भागू त्या मुलाच्या डोळ्यांनीही लिहिलेली नव्हती. बांधावर उभ्या असलेल्या मालकिणीच्या डोळ्यांनी लिहिलेली होती.

आता जरा दूर जावयाचे आहे. पण ही वाट आपल्याच लोकांनी पाडलेली आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये तिकडचे कृष्णवर्णीय विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले तेही तिकडच्या चळवळीचे. तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीय बायांच्या दुखण्याचे काय झाले, हे पाहणे आपल्याला परके नाही.

१८४० नंतरच्या काही वर्षांत अलाबामातल्या मॉंटगोमेरी गावी मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरने बाळंतपणात झालेल्या जखमांवरची शस्त्रक्रिया शोधून काढली. ती त्याने गुलाम बायांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा करून पाहिली. त्यांपैकी तिघींची नावे उरली आहेत: अनार्चा, ल्यूसी आणि बेट्सी. डॉक्टरचा पुतळा न्यूयॉर्कात उभा राहिला. तो हलविला गेला २०१८ मध्ये. या बायांना दुखणे कमी, असा एक समज त्या काळी होता. तो गेला म्हणावे, तर २०१६ मध्ये व्हर्जिनियाच्या विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना विचारले असता, जवळजवळ निम्म्यांनी काळ्या माणसांच्या शरीराविषयीची एखादी तरी खोटी समजूत खरी मानली. त्यांची कातडी जाड असते, ही त्यांपैकीच एक. वाचकहो, आपला 'काटक' हा शब्द आठवा. जाड कातडी म्हणजे दुसरे काय?

आर्लिन जेरोनिमस या विदुषीने १९९२ मध्ये एक विचार मांडला. ऊनपावसात उघड्यावर पडलेले लाकूड जसे लवकर झिजते, तसे रोजच्या अपमानात जगणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे शरीर वयाच्या आधी झिजते, असा त्याचा आशय आहे. त्यामागचे शरीराचे काम समजण्यासारखे आहे. भीती वाटली की छाती धडधडते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर उतरते. धोका टळला की सगळे खाली येते. साप दिसला आणि निघून गेला, तर हे ठीक. पण ज्या बाईला पाणवठ्यावर, दुकानात, दवाखान्यात, नोकरीत रोजच सावध राहावे लागते, तिचे शरीर खाली यावयाचे विसरते. मग ऐन उमेदीत रक्तदाब, मधुमेह, अडलेली बाळंतपणे.

अमेरिकेत २०२१ साली दर लाख बाळंतपणांमागे गोऱ्या स्त्रिया दगावल्या सुमारे सत्तावीस. कृष्णवर्णीय स्त्रिया जवळजवळ सत्तर. आणि गरिबी हेच याचे सगळे कारण नव्हे. तिथे पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रीला बाळंतपणातला धोका शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या स्त्रीपेक्षा अधिक असल्याचे आढळले आहे. टेनिसची जगज्जेती सेरेना विल्यम्स २०१७ मध्ये बाळंत झाली. आपल्या फुफ्फुसात रक्ताची गाठ आली आहे हे तिने स्वतः ओळखून सांगितले, तर औषधाने हिचे डोके भ्रमले असावे असे परिचारिकेला वाटले! तपासणीत तिचेच खरे ठरले. कुमुद पावडे यांच्या पुस्तकात भूक नसूनही जो दाब आहे, त्याचा उलगडा मला येथे झाला. शिक्षण आणि पैसा खोडा काढतात. 'हिचे काय ऐकावयाचे' ही नजर काढीत नाहीत.

आपल्याकडचा हिशेब कोणी केला आहे का? संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात भारतातल्या पाहणीवरून सांगितले की, मृत्यू पावलेल्या दलित स्त्रियांचे सरासरी वय ३९.५ वर्षे होते आणि उच्च जातींतल्या स्त्रियांचे ५४.१. म्हणजे साडेचौदा वर्षांचे अंतर. साडेचौदा दिवाळ्या! आणि तोच काटकपणा जातीच्या पलीकडेही कसा वसूल होतो, ते शेजारच्या मराठवाड्यात दिसले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या बायांत अनेक जातींच्या बाया आहेत. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या वेळी ब्याऐंशी हजारांवर बायांची पाहणी झाली; त्यांत तेरा हजार आठशेंहून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. एक दिवस कामावर नाही गेले तर खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळी आली तरी उसाच्या फडात थांबता येत नाही. अशा जिण्यात दुखण्याला उत्तर म्हणून दुखणारा अवयवच काढून टाकला गेला.

मग साहित्याने काय करावे? साहित्य औषध देऊ शकत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु 'हिला दुखत नाही' ही समजूत पसरविण्यात साहित्याचा हात आहे, आणि ती पुसणे तर साहित्याच्या हाती आहे. आपल्या कथा-कादंबऱ्यांतल्या गड्याच्या बायकोकडे, मोलकरणीकडे, बांधावरच्या बाईकडे पाहा. ती हसते, गाते, शिव्या देते, दहा मैल चालते. ती आजारी पडते का? पडलीच तर मरण्यापुरती. दोन पाने करुण रस आणि संपले. मधली, लांबणारी, औषधाविना वागविलेली दुखणी फक्त मालकांच्या घरांत असतात. टीकाकारांनाही माझी विनंती आहे. या चार पुस्तकांना 'सामाजिक दस्तऐवज' म्हणून नमस्कार करून फडताळात ठेवू नका. ती कशी सांगतात, काय गाळतात, कोठे गप्प होतात, ते तपासा. जी बाई दुखणे अंगावर काढते तिच्या लिहिण्यातही ते अंगावर काढणे उतरलेले असते. ते वाचता येणे हीच येथे टीकाकाराची परीक्षा आहे.

माझ्या कादंबरीची पुढची आवृत्ती निघेल की नाही, ठाऊक नाही. निघाली तर भागू तिसऱ्या दिवशी शेतात जाईलच, कारण तिला जावेच लागते. परंतु तिच्या कमरेत काय होते, ते मी लिहीन. आणि 'काटक' हा शब्द अकराही ठिकाणचा काढीन.

त्या मावशींना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, "लिवा. पन आधी मला सांगा, तुमच्या वळखीचा डॉक्टर कोन हाये? माझी कंबर दोन वर्सं झाली दुखते." दोन वर्षे ही बाई मुलीला सोडावयास रोज माझ्या वर्गाच्या दारापर्यंत येत होती. मी तिला अभ्यासाविषयी विचारीत असे, पुस्तकांविषयी विचारीत असे. एवढेच विचारले नव्हते. दिवाळीच्या आधीच्या सोमवारी आम्ही दोघी मेहकरला जाऊन आलो.